जांभा, चिरा आणि लॅटेराइट : एका दगडाच्या नावांचा इतिहास

(१)

कोकण, गोमंतक, कानडा आणि मलबार या सलग किनारपट्टीवर, तसेच सह्याद्रीच्या माथ्यावरील सपाट पठारांवर, तांबूस-जांभळ्या रंगाचा एक सच्छिद्र दगड विपुल आढळतो. घराच्या भिंती, विहिरींचे बांधीव काठ, देवळांची जोती, किल्ल्यांचे तट आणि चर्चचे दर्शनी भाग या सर्वांसाठी शतकानुशतके त्याचा उपयोग होत आला आहे. मराठीत त्यास जांभा म्हणतात. भूविज्ञानाच्या परिभाषेत तो लॅटेराइट या नावाने ओळखला जातो. दोन्ही नावे एकाच पदार्थाची असली तरी त्यांची अर्थक्षेत्रे एकरूप नाहीत. या नावांच्या उत्पत्तीचा व त्यांच्या अर्थांत झालेल्या बदलांचा मागोवा घेतल्यास असे दिसून येते की, नाव बदलले तेव्हा दगडाविषयीचे ज्ञानही एका समाजाकडून दुसऱ्या समाजाकडे गेले. आणि त्या स्थलांतरात काही अत्यंत उपयुक्त माहिती मागे राहिली. ही मागे राहिलेली माहिती आज वास्तुरक्षणाच्या आणि खाणकामगारांच्या आरोग्याच्या प्रश्नांत पुन्हा आवश्यक झाली आहे. म्हणून हा प्रश्न केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा उरत नाही.

(२)

प्रथम देशी नावांचा विचार करणे उचित होईल. वस्तूचे नामकरण सामान्यतः तीन मार्गांनी होते : तिच्या बाह्य रूपावरून, तिच्यावर घडणाऱ्या क्रियेवरून, आणि तिच्यासारख्या दुसऱ्या एखाद्या वस्तूवरून. या एका दगडाच्या बाबतीत तिन्ही मार्ग अवलंबिलेले दिसतात.

जांभा हे नाव पहिल्या प्रकारात मोडते. जांभूळ, जांभळा या शब्दकुलाशी त्याचे नाते उघड आहे. पावसात भिजलेल्या नव्या दगडाची गडद छटा पाहिली असता हे नाव रंगावरून पडले असावे, हे सहज पटते.

चिरा हे नाव दुसऱ्या प्रकारातील होय. चिरणे या क्रियापदाशी त्याचा संबंध आहे. चिरून, घडवून काढलेला कोणताही दगड तो चिरा, असा त्याचा मूळचा व्यापक अर्थ. देशावरील चिरेबंदी वाड्याचे चिरे काळ्या दगडाचे असतात. मृताच्या स्मरणार्थ उभारलेल्या दगडासही चिरा म्हणतात. कोकणात मात्र या शब्दाच्या अर्थाचा संकोच झाला आहे. तेथे चिरा म्हणजे जांभ्याचाच घडीव ठोकळा, आणि चिरेखाण म्हणजे जांभ्याचीच खाण. कोकणी भाषेतील ‘चिरो’ हा शब्दही याच संकुचित अर्थाने रूढ आहे. ज्या प्रदेशात बांधकामाचा घडीव दगड एकाच जातीचा मिळतो, तेथे सामान्यनामास विशेषनामाचे कार्य करावे लागते, हे अर्थसंकोचाचे एक चांगले उदाहरण म्हणता येईल. मलयाळम् भाषेतील ‘वेट्टुकल्लु’ हे नावही कापण्याच्या क्रियेवरूनच आलेले आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘कापीव दगड’. दोन भिन्न भाषाकुलांतील कारागिरांनी एकाच गुणाकडे लक्ष वेधावे, ही गोष्ट योगायोगाची नव्हे. जमिनीत असताना हा दगड इतका मऊ असतो की तो टिकावाने कापून काढता येतो. वर काढून उन्हावाऱ्यात ठेवल्यावर तो कठीण होतो. कारागिराच्या दृष्टीने त्याचे हेच मुख्य लक्षण होय.

याशिवाय भूरूपवाचक शब्दांचाही उल्लेख करणे अवश्य आहे. जांभ्याच्या उघड्या, सपाट पठारास कोकणात सडा म्हणतात. रत्नागिरीजवळील सडामिऱ्या किंवा गोव्यात मुरगावच्या टोकावरील सडा ही स्थलनामे त्यावरूनच झाली आहेत. कातळ हा शब्द इतरत्र कोणत्याही अखंड खडकास लावतात. परंतु कोकणात कातळ म्हटले की बहुधा जांभ्याचा कातळच अभिप्रेत असतो. अलीकडे प्रसिद्धीस आलेल्या कातळशिल्पांच्या नावातील कातळ हाच आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमळ येथील एक, अशा नऊ स्थळांचा जागतिक वारशाच्या संभाव्य सूचीत 2022 साली समावेश झाला. मनुष्याकृती, प्राणी आणि भौमितिक रचना ज्यावर कोरल्या गेल्या तो पृष्ठभाग, आणि घरांना चिरे पुरविणारा थर, हे दोन्ही एकच आहेत. म्हणून नवी चिरेखाण उघडणे आणि जुने चित्र नष्ट होणे या दोन घटना काही ठिकाणी एकाच कुदळीने घडू शकतात.

(३)

आता तिसऱ्या प्रकारच्या नावाकडे वळू. टिपू सुलतानाच्या पाडावानंतर (1799) गव्हर्नर-जनरल वेलस्ली याने म्हैसूर, कानडा व मलबार या प्रदेशांची पाहणी करण्याचे काम कंपनीच्या सेवेतील वैद्य फ्रान्सिस ब्युकॅनन याजकडे सोपविले. 1800 ते 1801 या काळात त्याने हा प्रवास केला व त्याचा वृत्तांत 1807 साली लंडन येथे तीन खंडांत प्रसिद्ध झाला. आजच्या केरळातील मलप्पुरम् जिल्ह्यात असलेल्या अंगाडिपुरम् या गावी त्याने हा दगड कापताना पाहिला आणि त्याचे तपशीलवार वर्णन केले. पोकळ्यांनी व छिद्रांनी भरलेला, लोहयुक्त, उघडा पडण्यापूर्वी मऊ आणि हवेत ठेवल्यावर विटेसारखा कठीण होणारा पदार्थ, असा त्या वर्णनाचा आशय आहे. त्याला लॅटेराइट हे नाव द्यावे असे त्याने सुचविले. लॅटिन भाषेतील ‘लातेर’ या शब्दाचा अर्थ वीट.

हे नाव ब्युकॅननची स्वतंत्र कल्पना असल्याचा समज पुष्कळदा आढळतो. परंतु त्याने स्वतःच नोंदविले आहे की, देशी बोलींत या दगडास ‘इट्टिक कल्लु’ म्हणजे विटेचा दगड असे नाव आहे. अर्थात लॅटेराइट हा शब्द नवनिर्मिती नसून भाषांतर आहे. या समासातील पूर्वपद पाहिले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. कल्लु हे पद द्राविडी आहे, पण इट्टिक हे पद संस्कृत इष्टका या शब्दाचेच दक्षिणेत गेलेले रूप होय. त्याच इष्टकेपासून प्राकृतद्वारा मराठीत ईट व पुढे आरंभी वकार येऊन वीट हा शब्द सिद्ध झाला. तेव्हा वैदिक यज्ञवेदीच्या विटेचे नाव द्राविडी दगडास जोडले गेले, आणि त्या जोडनावाचे लॅटिन रूप सर्व जगाच्या भूविज्ञानात पोहोचले, असा हा प्रवास आहे. अंगाडिपुरम् येथील हे स्थळ भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1979 साली राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले.

(४)

ब्युकॅननच्या व्याख्येत गवंड्याची कसोटी अबाधित होती : जे मऊ असताना कापता येते आणि नंतर कठीण होते, ते लॅटेराइट. पुढील शतकात ही कसोटी मागे पडली. 1898 साली माक्स बाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने सेशेल्स बेटांवरील नमुन्यांचे पृथक्करण करून असे दाखविले की, त्यांतील ॲल्युमिनियम मुख्यतः जलयुक्त ऑक्साइडच्या स्वरूपात आहे व सिलिका बहुतांशी निघून गेली आहे. 1911 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील ल्युइस फर्मोर याने घटकद्रव्यांच्या शेकडा प्रमाणावर आधारलेले वर्गीकरण मांडले. येथून पुढे लॅटेराइट म्हणजे विशिष्ट वर्तन करणारा दगड असा अर्थ न राहता विशिष्ट रासायनिक घटना असलेला पदार्थ असा अर्थ रूढ झाला.

या अर्थांतरामुळे ज्ञानाची मोठी वाढ झाली, हे निःसंशय आहे. आलटून पालटून येणारे ओले व कोरडे ऋतू, उष्ण हवामान आणि पाण्याचा उत्तम निचरा ही परिस्थिती दीर्घकाळ टिकली असता मूळ खडकातील सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम व मॅग्नेशियम ही द्रव्ये प्रथम धुऊन जातात. पाठोपाठ सिलिकाही निघून जाते. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे सहसा विरघळत नसल्याने मागे राहतात व त्यांचे प्रमाण वाढत जाते. लोहाचे हेमटाइट व गोएथाइट बनते, ॲल्युमिनियमचे गिब्साइट. आणि उरलेल्या सिलिकेसह काही ॲल्युमिनियम केओलीन या चिकणमातीत राहते. हीच क्रिया धातुपाषाणाच्या निर्मितीचे एक महत्त्वाचे कारण आहे. ॲल्युमिनियमचे प्रमाण पुरेसे वाढले म्हणजे त्या थरास बॉक्साइट म्हणतात. हे नाव पिएर बेर्तिए याने 1821 साली फ्रान्समधील ले बो या गावाजवळ त्याचा अभ्यास केल्यावरून पडले. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील पठारांवरील बॉक्साइट अशाच रीतीने बेसाल्टच्या विदारणातून तयार झाले आहे. गोव्यातील लोहखनिजाची घटना किंचित निराळी आहे. तेथे अतिप्राचीन, पट्टेदार लोह-सिलिका खडकातील सिलिका पाण्याने वाहून गेली व लोहाचे प्रमाण वाढले. आणि त्यावर जांभ्याचे आवरण राहिले. मूळ खडक वेगळा, परंतु समृद्धीकरणाचे तत्त्व एकच.

तथापि, या रासायनिक व्याख्येत मूळ कारागिरी कसोटीस स्थान उरले नाही. मृदाशास्त्रज्ञांना ही उणीव जाणवली असावी. 1960 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या मृदावर्गीकरणाच्या मसुद्यात, वारंवार ओले व कोरडे झाल्यावर कायमचे कठीण होणाऱ्या लोहयुक्त मातीसाठी प्लिंथाइट हा नवा शब्द योजण्यात आला. ग्रीक ‘प्लिंथोस’ याचा अर्थही वीट असाच आहे. इष्टका, लातेर, प्लिंथोस : तीन भाषा, आणि एकच उपमान. पहिल्या नावातील जो गुण दुसऱ्याच्या अर्थविस्तारात हरवला, तो परत मिळविण्यासाठी तिसरे नाव घ्यावे लागले.

(५)

नावातील हा फरक व्यवहारात कोठे येऊन पोहोचतो, याचे स्पष्ट उदाहरण जुन्या गोव्यातील बॉम जेझूस बासिलिकेचे आहे. तिच्या बांधकामास 1594 साली आरंभ झाला व 1605 साली तिचे पवित्रीकरण झाले. संत फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष येथे असल्याने तिची कीर्ती सर्वत्र आहे. इमारतीच्या भिंती जांभ्याच्या असून दर्शनी भागातील कोरीव काम काळ्या बेसाल्टचे आहे. तो दगड वसईहून आणल्याचे सांगितले जाते. ‘गोव्याची चर्चे व मठ’ या नावाने 1986 साली जागतिक वारशात समाविष्ट झालेल्या वास्तुसमूहात ती प्रमुख आहे. आज पाहणाऱ्यास तिच्या तांबड्या, उघड्या भिंती हेच तिचे मूळ रूप वाटते. वस्तुतः तसे नाही. समोरच्या से कॅथेड्रलप्रमाणे तिच्या भिंतींवरही पूर्वी चुन्याचा गिलावा होता. तो 1950 नंतरच्या दशकात, पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, बाल्ताझार कास्त्रो या पोर्तुगीज वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात काढून टाकण्यात आला.

या कृतीमागे एक भाषिक गृहीतक होते असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे ठरू नये. युरोपातील ग्रॅनाइट अथवा चुनखडक उघडा ठेवल्याने शोभा वाढते व प्राचीनता प्रत्ययास येते. म्हणून जे ‘दगड’ या सदरात येते ते उघडे ठेवावे. पण जांभ्याचे देशी नाव त्याला दगड म्हणताना विटेचीही आठवण करून देते, आणि विटेला गिलावा लागतो. जांभ्याच्या लोहमय सांगाड्यातील पोकळ्यांत केओलीनसारखी मऊ चिकणमाती भरलेली असते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. उघड्या भिंतीवर तो सतत आदळला म्हणजे ही माती धुपते, पोकळ्या मोठ्या होतात, पाणी अधिक आत शिरते, आणि शेवटी लोहाच्या भिंतुकाही खचतात. चुन्याचा गिलावा हे सर्व स्वतःवर घेतो. काही वर्षांनी तो खराब होतो व नव्याने करता येतो. दगड मात्र नव्याने करता येत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. कोकणात जांभ्याची कितीतरी घरे, गडगे व विहिरी गिलाव्यावाचून उभ्या आहेत. तेव्हा गिलावा अपरिहार्य कसा? त्याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. एक तर अनुभवी खाणवाला वरच्या, आधीच कठीण झालेल्या थराचा चिरा आणि खालच्या मातकट थराचा चिरा यांत भेद करतो, आणि प्रत्येकाची जागा वेगळी ठरवितो. दुसरे असे की, कोकणी घराचे छप्पर उतरते असून त्याच्या वळचणी पुढे आलेल्या असतात. पडवीमुळे मुख्य भिंतीवर पावसाचा थेंबही क्वचितच पडतो. चर्चच्या तीन मजली उंच दर्शनी भिंतीला वळचण नसते. तिचे छप्पर म्हणजे तिचा गिलावाच होय. तो काढणे म्हणजे घराची पडवी काढण्यासारखे आहे. संत ऑगस्टीनच्या मठाचा जवळच उभा असलेला 46 मीटर उंचीचा मनोरा हे या संदर्भात डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे उदाहरण आहे. 1835 साली हा मठ ओस पडला, 1842 साली चर्चचे छत कोसळले, आणि 1931 साली मनोऱ्याचा अर्धा भाग व दर्शनी भिंत पडली. देखभाल व आवरण दोन्ही सुटल्यावर जांभ्याचे पुढे काय होते, ते तेथे दिसते.

2020 पासून बासिलिकेला पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर गोव्यात जाहीर चर्चा झाली. दोन पिढ्यांच्या नजरेत बसलेले तांबडे रूप बदलण्यास अनेकांचा विरोध असणे स्वाभाविक आहे. परंतु हा वाद रुचीचा आहे तितकाच पदार्थाच्या स्वभावाचाही आहे, आणि त्या स्वभावाची साक्ष त्याच्या जुन्या नावातच आहे.

(६)

एका नावाखाली अनेक पदार्थ एकत्र आल्याने निर्माण होणारा दुसरा प्रश्न आरोग्याचा आहे. दख्खनच्या बेसाल्टपासून झालेला जांभा, मलबारच्या नीस खडकापासून झालेला जांभा आणि गोव्याच्या पट्टेदार लोहखडकावरील जांभा, हे तिन्ही बाजारात सारखेच. पण बेसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळजवळ नसते, तर नीस व पट्टेदार लोहखडक यांत ते भरपूर असते आणि विदारणातही ते दीर्घकाळ टिकून राहते. क्वार्ट्झची सूक्ष्म धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे फुप्फुसांत गेल्यास सिलिकोसिस हा असाध्य विकार होतो. पूर्वी टिकावाने चिरे काढीत असत. नंतर फिरत्या पात्याची यंत्रे आली, आणि कोरडे कापताना उडणारी लाल धूळ कितीतरी सूक्ष्म झाली. अशा स्थितीत ‘ही तर जांभ्याची धूळ’ एवढ्यावर समाधान मानणे योग्य नाही. खाण कोणत्या मातृखडकावर आहे हे पाहणे आवश्यक ठरते. 2015 साली केंद्र सरकारने ज्या 31 खनिजांची गौण खनिजे म्हणून गणना केली, त्यांत लॅटेराइटचा समावेश आहे. गौण हा शब्द येथे नियमनाच्या अधिकारापुरता आहे. धोक्याच्या परिमाणाशी त्याचा संबंध नाही, हे विसरता कामा नये. ओलसर कापणी, पाण्याचा फवारा, आणि सोडून दिलेल्या खाणींभोवती कुंपण हे उपाय साधे आहेत. पावसाळ्यात पाणी साचलेल्या अशा खड्ड्यांत बुडून मृत्यू झाल्याच्या घटना व त्यांत वाढणारे डास हीदेखील याच उद्योगाची फलिते होत.

मोठ्या प्रमाणावरील लोहखनिजाच्या उत्खननाने गोव्याचे पाणी, शेती व हवा यांवर काय परिणाम झाला, याची चर्चा शहा आयोगाच्या अहवालानंतर राष्ट्रीय पातळीवर आली. 2012 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने उत्खनन थांबविले. 2014 साली वार्षिक दोन कोटी टनांची मर्यादा घालून ते सशर्त खुले केले. आणि 2018 साली 88 पट्ट्यांचे नूतनीकरण रद्द ठरविले. पुढे पट्ट्यांचे लिलाव होऊन उत्खननास पुन्हा सुरुवात झाली. जांभ्याचे आवरण पावसाचे पाणी शोषून घेते व सड्यांच्या पायथ्याशी झऱ्यांच्या रूपाने सोडते. ते आवरण काढले म्हणजे केवळ डोंगराचे रूप बदलत नाही, तर पायथ्याच्या गावाची विहीरही बदलते.

याच दगडाची एक हितकारक बाजूही नमूद केली पाहिजे. लोह व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडांना पाण्यातील आर्सेनिक धरून ठेवण्याचा गुण आहे. पश्चिम बंगालमध्ये भूजलातील आर्सेनिकमुळे होणारे विकार 1980 नंतरच्या दशकात उजेडात आले. खरगपूर येथील तंत्रज्ञान संस्थेत लॅटेराइटवर रासायनिक प्रक्रिया करून आर्सेनिक काढणारी गाळणी विकसित करण्यात आली, आणि तिचा उपयोग त्या प्रदेशातील पिण्याच्या पाण्यासाठी करण्यात आला. ज्या विदारणाने निसर्गात धातुपाषाण निर्माण केले, त्याचाच हा वेगळा लाभ होय.

(७)

वरील विवेचनावरून निष्कर्ष असा निघतो की, परिभाषा ठरविताना शास्त्राने जी निवड केली, तिचे परिणाम प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहिले नाहीत. लॅटेराइट या शब्दाने खनिजनिर्मितीचे तत्त्व उलगडले. परंतु मातृखडकांतील भेद व कारागिराची कसोटी ही त्याच्या आड गेली. चिरा, कातळ, सडा, गडगा या शब्दांत दगड कोठे उघडा ठेवावा, कोठे झाकावा व कोठून काढावा, याचे अनुभवसिद्ध ज्ञान साठलेले आहे. कोकण व गोमंतक येथील खाणवाले आणि गवंडी हे शब्द अजून वापरतात. चिऱ्याचे थर, त्यांची स्थानिक नावे व त्यांचे उपयोग यांचा पद्धतशीर शब्दसंग्रह, प्रत्येक खाणीच्या मातृखडकाच्या नोंदीसह, तयार होणे अगत्याचे आहे. सिमेंटच्या ठोकळ्यांचा प्रसार वाढत असल्याने हे काम जितक्या लवकर हाती घेतले जाईल, तितके त्याचे मोल अधिक राहील.